मागच्याला दिसणारा दिवा

रस्त्यावरून वाहन हाकणारा मनुष्य एका अर्थाने मुका असतो. आपल्या शेजारून पायी चालणाऱ्या सोबत्याला आपण सहज सांगू शकतो, "चल, मी आता उजवीकडे वळतो." परंतु मोटरसायकलीवर बसलेल्याचे बोलणे मागून येणाऱ्याच्या कानापर्यंत पोहोचत नाही. यंत्राचा आवाज, वारा आणि मधले अंतर ही तिघे मिळून त्याचे शब्द गिळून टाकतात. आपल्या मनात काय आहे हे मागच्याला कळले नाही, तर मात्र मोठाच अनर्थ ओढवतो. म्हणून रस्त्यावर वावरणाऱ्या माणसाने फार पूर्वीपासून खुणेची भाषा शोधून काढली आहे.

रात्री चालणाऱ्या बैलगाडीच्या तळाशी टांगलेला कंदील ही अशीच एक खूण. गाडीवान पेंगला, तरी तो कंदील डुलत डुलत मागच्याला सांगत असे की, येथे गाडी आहे, जपून या. पुढे मोटारी आल्या, तेव्हा चालक खिडकीतून हात बाहेर काढून वळण्याची खूण करू लागले. आपल्याकडे उजवा हात खांद्याच्या रेषेत आडवा पसरला, म्हणजे उजवीकडे वळण्याची खूण मानतात. हाताचे हे काम यंत्राकडे सोपवावे, असे अनेकांच्या मनात आले. मूकपटांच्या काळातील फ्लोरेन्स लॉरेन्स या नटीला मोटारीचा मोठा नाद होता. तिने १९१४ साली आपल्या मोटारीसाठी बटण दाबताच वर-खाली होणारा एक यांत्रिक हात तयार केला. यानंतर १९३९ साली अमेरिकेतील ब्यूइक मोटारींवर मिचकावणारे दिशादर्शक दिवे आले. मोटरसायकलींवर असे दिवे सर्रास दिसू लागायला मात्र आणखी पुष्कळ वर्षे जावी लागली. आज आपण त्यांना 'इंडिकेटर' म्हणतो. त्यांचा पिवळसर नारिंगी रंग मागच्या लाल दिव्याहून निराळा असतो, आणि मिनिटाला सुमारे ६० ते १२० वेळा ते लागतात व विझतात. स्थिर दिव्याकडे डोळ्यांचे दुर्लक्ष होऊ शकते. उघडझाप करणारा दिवा मात्र डोळ्यांना आपल्याकडे ओढून घेतो.

या दिव्यांची आणि माझी खरी ओळख झाली ती आमच्या मामांच्या जुन्या मोटरसायकलीमुळे.

मामांचे गाव फलटणहून बारामतीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडे. नीरा नदीच्या कालव्यांनी भिजणारा हा मुलूख उसाचा आणि दुभत्या जनावरांचा. मामा पहाटे गावातील दहा-बारा घरांचे दूध गोळा करीत आणि ते संकलन केंद्रावर नेऊन घालीत. मोटरसायकलीच्या दोन्ही बाजूंना एकेक ४० लिटरचा कॅन अडकवलेला असे. दोन्ही कॅन भरले म्हणजे नुसत्या दुधाचेच वजन ८० किलोंच्या वर जाई. एवढा भार घेऊन खड्डे चुकवीत जायचे, तर दोन्ही हात हँडलवरच हवेत. त्यातून उजवा हात फारच महत्त्वाचा. वेग वाढवण्याची मूठ आणि पुढचा ब्रेक ही दोन्ही त्याच हाताशी असतात. म्हणून हात पसरून खूण करणे मामांना जमण्यासारखे नव्हते. त्यांचा सारा भरवसा इंडिकेटरवर. डाव्या अंगठ्याने बटण सरकवायचे, की झाले!

२००४ सालच्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीसाठी मी त्यांच्याकडे गेलो होतो. मी तेव्हा तेरा वर्षांचा होतो. एके दिवशी पहाटे साडेपाचच्या सुमारास आम्ही दूध घेऊन निघालो. मी मामांच्या मागे दोन कॅनांच्या मध्ये अंग चोरून बसलो होतो. आकाशात चांदण्या होत्या आणि कालव्यावरून गार वारा येत होता. संकलन केंद्र मोठ्या रस्त्याच्या उजव्या अंगाला होते. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. तेव्हा उजवीकडे वळायचे म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांची वाट छेदून जायचे. समोरून एक एस. टी. येत होती. मामांनी इंडिकेटर लावला, गाडी रस्त्याच्या मध्याशी आणून थांबवली, हँडल उजवीकडे वळवून ठेवले आणि पाय टेकून ते एस. टी. जाण्याची वाट पाहू लागले. एस. टी. गेली. मामांनी गाडी पुढे काढली, आणि त्याच क्षणी आमच्या पाठीमागून कर्कश भोंगा वाजला.

उसाचा एक ट्रक आम्हांला उजवीकडून मागे टाकण्याच्या बेताने वेगात आला होता. चालकाने करकचून ब्रेक दाबला आणि चाके डावीकडे वळवली. ट्रकचा कोपरा आमच्या एका कॅनला लागला. आम्ही दोघे गाडीसह आडवे झालो. सुदैवाने गुडघे खरचटण्यापलीकडे आम्हांला काही झाले नाही. परंतु कॅनचे झाकण उडाले आणि ४० लिटर दूध काळ्या डांबरावर पसरले. पाच-सहा घरांची पहाटेची मेहनत ती! तिचे पैसे आता मामांनाच भरून द्यावे लागणार होते.

चालक खाली उतरला. तोही थरथरत होता.

"अहो, वळायचं होतं तर खूण तरी करायची! माणसं मेली असती की आज माझ्या हातून!"

"खूण केली होती," मामा म्हणाले. "बटण अजून तसंच आहे, बघा."

"मला लाल दिवा दिसत होता. पिवळा लागला नव्हता. देवाशपथ सांगतो."

मामांनी वाकून पाहिले. बटण खरोखरच उजवीकडे सरकवलेले होते. त्यांनी गाडी उभी करून हँडल सरळ केले आणि किल्ली फिरवली. मागचा उजवा दिवा छान मिचकावू लागला. चालक त्या दिव्याकडे पाहतच राहिला. त्याला काय बोलावे ते सुचेना. मामांनाही त्याला खोटा म्हणवेना, कारण त्याच्या डोळ्यांत भीती होती, कावा नव्हता. एकाने दिवा लावला होता. दुसऱ्याला तो दिसला नव्हता. दोघेही खरे बोलत होते, आणि तरीही दूध रस्त्यावर सांडले होते.

घरी आल्यावर मामांनी दुरुस्तीचा ध्यास घेतला. पहिल्या दिवशी त्यांनी मागच्या दिव्याचा बल्ब बदलला. दुसऱ्या दिवशी मी पाहिले की, अंगणातून गाडी वळवताना पुढचा उजवा दिवा मिचकावणे सोडून नुसता जळत राहतो. मी ते मामांना सांगितले. "मिचकावत नाही म्हणजे फ्लॅशर गेला," असे कोणी तरी म्हणाले, आणि मामांनी नवा फ्लॅशर आणून बसवला. गाडी स्टँडवर लावून पाहिली, तर चारही दिवे उत्तम चालत होते. आम्हांला समाधान वाटले. परंतु दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी वळवताना पुन्हा तोच प्रकार! पैसे गेले, दोन दिवस गेले, आणि दोष होता तिथेच राहिला.

अखेर मामा मला घेऊन बाजारपेठेतील एका वृद्ध मिस्त्रींकडे गेले. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून देणे हा त्यांचा धंदा. त्यांच्या दुकानात तांब्याच्या तारेची वेटोळी टांगलेली होती आणि वार्निशाचा उग्र वास भरून राहिला होता. गाडी पाहताच ते पाना उचलतील, असे मला वाटले होते. त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही. एका स्टुलावर बसून त्यांनी मामांना विचारले, "दिवा केव्हा लागत नाही?"

"कधी लागतो, कधी लागत नाही."

"असं मोघम नको. वीज लहरी नसते. तिला कारण लागतं. दिवा गेला तेव्हा गाडी कशी उभी होती, ते सांगा."

मामांनी सारी हकीकत सांगितली. मिस्त्री म्हणाले, "मग इथं हँडल सरळ ठेवून तपासण्यात काय अर्थ? ज्या वेळी तिनं दगा दिला, त्या वेळी ती जशी होती तशीच तिला उभी करा."

गाडी स्टँडवर चढवली. मिस्त्रींनी किल्ली फिरवायला आणि बटण उजवीकडे सरकवायला सांगितले. पुढचा आणि मागचा असे दोन्ही उजवे दिवे मिचकावू लागले. मग मामांनी हँडल हळूहळू उजवीकडे वळवले. ते पुरते वळले मात्र, मागचा दिवा पटकन विझला आणि पुढचा दिवा न मिचकावता नुसता जळत राहिला. हँडल सरळ केले, की दोन्ही पूर्ववत! मी थक्क झालो. गाडी सरळ असताना मागचा दिवा लागत होता, आणि ज्या वळणासाठी तो होता ते वळण घेताच विझत होता.

"आता काही न उघडता निम्मं काम झालं," मिस्त्री म्हणाले. मी त्यांच्याकडे कुतूहलाने पाहू लागलो. तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले आणि जमिनीवर खडूने एक रेघ ओढली.

"पोरा, शाळेत सेल आणि बल्ब जोडला आहेस ना? वीज सेलच्या एका टोकातून निघते, बल्बातून जाते आणि दुसऱ्या टोकाला परत येते. वाट कुठंही तुटली, की बल्ब विझतो. इथंही तेच आहे. बॅटरी, मग फ्यूज, मग किल्ली, मग फ्लॅशर, मग हँडलवरचं बटण. बटणापासून वीज पुढच्या मोठ्या दिव्याच्या वाटीत येते. तिथं वाट फुटते. एक फाटा पुढच्या इंडिकेटरला जातो, दुसरा मागच्याला. परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा. आता सांग, पुढचा दिवा जळतो आहे, यावरून काय कळलं?"

मी रेघेकडे पाहिले आणि थोड्या वेळाने म्हणालो, "वाटीपर्यंतची वाट शाबूत आहे."

"बरोबर! म्हणजे बॅटरी, फ्यूज, किल्ली, फ्लॅशर, बटण ही सगळी निर्दोष. पाच साक्षीदार एका दिव्यानं सोडवले."

"पण मग पुढचा दिवा मिचकावत का नाही?" मी विचारले. कारण नवा फ्लॅशर याच शंकेपायी घेतला गेला होता.

मिस्त्रींनी मामांचा जुना फ्लॅशर मागून घेतला आणि तो उघडून दाखवला. आत दोन निरनिराळ्या धातूंची एकत्र जोडलेली एक पातळ पट्टी होती. वीज वाहू लागली की तापून दोन्ही धातू लांबतात, पण सारखे लांबत नाहीत. त्यामुळे पट्टी वाकते. वाकली की तिचे टोक सुटते आणि वीज थांबते. निवली की ती सरळ होते आणि वीज पुन्हा वाहते. हीच ती उघडझाप. मामांची गाडी १२ व्होल्टची होती आणि प्रत्येक बल्ब १० वॉटचा. एका बल्बातून सुमारे ०.८३ अँपिअर वीज वाहते. पुढचा व मागचा मिळून १.६७ अँपिअर. या दोघांच्या विजेने पट्टी पुरेशी तापावी, अशी तिची घडण असते. एक बल्ब वाटेतून गळाला की वीज निम्मी होते, पट्टी वाकण्याइतकी तापत नाही, आणि उरलेला दिवा नुसता जळत राहतो.

"फ्लॅशर बिघडला नव्हता," मिस्त्री म्हणाले. "तो बिचारा ओरडून सांगत होता, की माझा एक सोबती हरवला आहे. त्याचं ऐकायचं सोडून तुम्ही त्यालाच काढून टाकलात!"

मामा ओशाळून हसले.

आता शोध उरला होता तो दिव्याच्या वाटीपासून मागच्या इंडिकेटरपर्यंतचा. मिस्त्रींनी मामांनी बदललेलाच जुना बल्ब घेतला. त्याला दोन तारा जोडल्या. एका तारेच्या टोकाला दातेरी चिमटा लावला आणि तो सांगाड्याच्या एका उघड्या, स्वच्छ बोल्टला अडकवला. दुसऱ्या तारेचे टोक मोकळे ठेवले. झाला त्यांचा तपासणीचा दिवा तयार! हँडल उजवीकडे वळवलेलेच होते. त्यांनी पुढच्या मोठ्या दिव्याची काच उतरवली आणि मागे जाणारी तार जिथे जोडली होती, तिथे मोकळे टोक टेकवले. तपासणीचा दिवा लागला. एवढेच नव्हे, तर तो आणि पुढचा इंडिकेटर असे दोघेही मिचकावू लागले. हरवलेल्या सोबत्याच्या जागी दुसरा मिळताच फ्लॅशर आपल्या कामाला लागला होता. मला त्याची फार मौज वाटली.

नंतर त्यांनी आसन काढले. तिथे मागच्या दिव्यांच्या तारांचा एक जोड होता. त्या जोडाला टोक टेकवले, तर दिवा लागला नाही. मामांना हँडल सरळ करायला सांगितले, दिवा लागला. पुन्हा वळवले, विझला.

"चोर सापडला," ते म्हणाले. "वाटीत वीज आहे आणि आसनाखाली नाही. या दोहोंमध्ये हलणारी जागा एकच."

ती जागा म्हणजे गाडीची मान. हँडल जिथे सांगाड्याला जोडलेले असते, तिथून सर्व तारांचा जुडगा पुढून मागे जातो. हँडल वळले, की हा जुडगा वाकतो. मिस्त्रींनी आधी बॅटरीची तार सोडली. मग पेट्रोलची टाकी उतरवून दूर ओट्यावर नेऊन ठेवली. जुडग्यावरची काळी चिकटपट्टी सोडवली, तेव्हा आत मागच्या उजव्या दिव्याची तार दिसली. ती वरून अगदी धडधाकट होती. कोठे चीर नाही, कोठे सोललेले नाही. माझी निराशा झाली. परंतु मिस्त्रींनी ती तार दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हळूच ताणली, आणि काय आश्चर्य! एका ठिकाणी ती रबरासारखी लांबली. "तांबं असं लांबत नाही," ते म्हणाले. "इथं आत तांबंच नाही. नुसतं कातडं उरलं आहे."

त्यांनी ब्लेडने वरचे आवरण उकलले. आतील तांब्याचे बारीक तंतू एकामागून एक तुटलेले होते. काहींवर हिरवा कळंक चढला होता. हँडल सरळ असताना तुटलेली टोके एकमेकांना टेकत आणि वीज कशीबशी पलीकडे जाई. उजवीकडे वळवताच तार ताणली जाऊन ती दुरावत.

"ही तुटली कशानं?" मी विचारले.

मिस्त्रींनी तारेचा एक तुकडा माझ्या हाती दिला आणि तो एकाच ठिकाणी पुन्हापुन्हा वाकवायला सांगितले. थोड्याच वेळात तो गरम होऊन तुटला. मामांच्या गाडीतही तेच घडले होते. पूर्वी कोणी तरी तो जुडगा मानेपाशी आवळून बांधला होता. त्यामुळे हँडल वळले की सारा वाक एकाच जागी पडे. जुनी गाडी ती. रोजच्या कितीतरी वळणांचा ताण तिने अनेक वर्षे सोसला होता. दर वळणाला एखाद्या तंतूला थोडीशी इजा होत गेली. ती कोणाला दिसली नाही, कारण वरचे आवरण शाबूत होते.

मिस्त्रींनी कळकलेला भाग कापून टाकला, नव्या तारेचा तुकडा घालून दोन्ही जोड सोल्डरने पक्के केले आणि त्यांवर रबरी नळी चढवली. दोन्ही जोड त्यांनी वाकाच्या जागेपासून दूर, सांगाड्याच्या सरळ भागात घेतले होते. मग त्यांनी जुडग्याला मानेपाशी थोडा सैल फास ठेवला, म्हणजे तो एकाच ठिकाणी न वाकता सावकाश वळेल. हे सारे होईपर्यंत दुपार कलली होती. खर्च झाला तो हातभर तारेचा आणि मिस्त्रींच्या मजुरीचा.

निघताना मामांनी त्यांना विचारले, "मिस्त्री, पुन्हा असं झालं तर कसं ओळखायचं?"

तेव्हा त्यांनी जे सांगितले, ते मी घरी येऊन वहीत लिहून ठेवले. चारही दिवे एकदम गेले, तर सर्वांच्या सामाईक वाटेत पाहावे: बॅटरी, फ्यूज, फ्लॅशर. एकाच बाजूचे दोन्ही गेले, तर हँडलवरचे बटण आणि त्या बाजूची तार पाहावी. एकच दिवा गेला, तर प्रथम बल्ब पाहावा. मग बल्बाची खोबण गंजली आहे काय ते पाहावे. मग दिव्याच्या दांडीचा सांगाड्याशी नीट स्पर्श होतो की नाही ते पाहावे, कारण विजेला परतीची वाटही तितकीच आवश्यक असते. गंज असेल तर पॉलिशपेपरने घासावा. दिवे मंद जळत असतील, तर बॅटरी क्षीण झाली असेल. वाट लांब असेल, तर एका टोकापासून रांगत जाऊ नये, मध्यावर तपासावे. तिथे वीज असली, तर पहिला अर्धा भाग निर्दोष; नसली, तर दोष पहिल्या अर्ध्यात. वाटेचे आठ भाग असले, तरी अशा रीतीने तीन वेळा तपासून दोषाचा भाग हाती येतो.

"आणि एक," मिस्त्री म्हणाले. "हा दिवा तुमच्यासाठी नाही. गाडीवर बसून तो तुम्हांला दिसणारच नाही. तो मागच्यासाठी आहे. तेव्हा तो लागतो की नाही, हे मागं उभं राहणाऱ्यालाच विचारा."

त्या दिवसापासून मामांच्या घरी एक नवा नेम सुरू झाला. पहाटे कॅन अडकवण्यापूर्वी मामी हातातले काम ठेवून गाडीच्या मागे येऊन उभ्या राहत. मामा एकदा डावा दिवा लावीत, एकदा उजवा. आणि प्रत्येक वेळी हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवीत. मामी "लागला" म्हणाल्या, की मगच गाडी अंगणातून निघे. सुट्टी असेतोवर हे काम मी मोठ्या अभिमानाने माझ्याकडे मागून घेतले होते.

पुढे मामांनी त्या ट्रकचालकालाही शोधून काढले. गळिताचा हंगाम चालू असल्यामुळे तो त्याच रस्त्याने रोज ये-जा करीत असे. मामांनी त्याला हात दाखवून थांबवले, तेव्हा तो धास्तावूनच खाली उतरला. सांडलेल्या दुधाचे पैसे मागायला हे आले, असे त्याला वाटले असावे. मामांनी खिशातून तारेचा तो तुटका तुकडा काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. "तुमचं खरं होतं," ते म्हणाले. "दिवा लागला नव्हता." चालकाने तो तुकडा बराच वेळ उलटसुलट करून पाहिला. मग तो म्हणाला, "तुमचंही खरंच होतं की! बटण तर तुम्ही दाबलंच होतं." दोघांनी रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या चहा घेतला, आणि मामांनी नको नको म्हणत असतानाही चहाचे पैसे चालकाने दिले.

आज मी मोठा झालो आहे. गाड्या बदलल्या आहेत. पुष्कळ नव्या गाड्यांत तापणाऱ्या पट्टीऐवजी इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर असतो आणि बल्बऐवजी एल. ई. डी. दिवे असतात. हे दिवे इतकी थोडी वीज घेतात, की जुन्या फ्लॅशरला जोडले तर त्यातील पट्टी तापणारच नाही आणि ते मिचकावणारही नाहीत. परंतु विजेची वाट अजून तीच आहे: निघायचे, दिव्यातून जायचे आणि परतायचे. गाडीची मान अजून वळते, आणि तिच्यातून जाणाऱ्या तारा अजून वाकतात.

कधी कधी माझे बोलणे समोरच्याला कळत नाही, आणि "मी तर स्पष्ट सांगितले होते!" असे शब्द माझ्या ओठांवर येतात. अशा वेळी मला तो तांब्याचा तुकडा आठवतो. आपण बटण दाबले, एवढ्याने निरोप पोहोचत नाही. आपले सांगणे आणि दुसऱ्याचे समजणे यांच्या मधली वाट शाबूत आहे काय, हे तपासावे लागते. आणि ते तपासताना कोणाला खोटे ठरवण्याची घाई करून चालत नाही.

तुमच्या घरी एखादी जुनी मोटरसायकल असेल, तर आज सायंकाळी वडिलांना किंवा दादाला किल्ली फिरवायला सांगा आणि तुम्ही गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. दोन्ही बाजूंचे दिवे पाहा. हँडल पुरते वळवायला सांगून पुन्हा पाहा. आणि जे दिसेल, ते मोठ्याने सांगा.